नाळरक्ताची ठेव : ठेवावी की न ठेवावी?



वार्षिक अहवालात जमाखर्च, रुग्णसंख्या आणि नव्या यंत्रसामग्रीचा तपशील देण्याबरोबरच एखाद्या आरोग्यविषयक प्रश्नाचा सविस्तर परामर्श घेण्याची आमची प्रथा आहे. या वेळी आम्ही निवडलेला विषय प्रसूती विभागात वारंवार विचारला जातो. तो प्रश्न असा : बाळ जन्मताच त्याच्या नाळेतील रक्त, म्हणजेच त्यातील मूलपेशी, पैसे भरून एखाद्या बँकेत जतन करून ठेवाव्यात काय?

हा प्रश्न आता केवळ पुण्या-मुंबईचा राहिलेला नाही. जालना शहरातील नोकरदार दाम्पत्य तो विचारते, तसेच भोकरदन किंवा घनसावंगीकडून बाळंतपणासाठी माहेरी आलेली लेकही विचारते. सातव्या-आठव्या महिन्यात, घरात डोहाळजेवणाची तयारी चाललेली असताना, एखाद्या कंपनीचा दूरध्वनी येतो किंवा प्रतिनिधी दारी येतो. ‘ही संधी आयुष्यात एकदाच मिळते’, ‘बाळाचा जैविक विमा उतरवा’ अशी वाक्ये कानी पडतात. आईवडिलांच्या मनात कालवाकालव होते. पैसे भरावेत तर ऐपतीचा प्रश्न, न भरावेत तर उद्या काही झाल्यास आपणच दोषी ठरू ही धास्ती. पाचवीच्या रात्री सटवाई बाळाच्या भाळी काय लिहिणार हे कोणालाच ठाऊक नसते, आणि नेमक्या त्या अनिश्चिततेवरच ही विक्री उभी असते. म्हणून या विषयातील शास्त्र, कायदा आणि व्यवहार तिन्ही बाजू वाचकांपुढे मांडणे आम्हांस आवश्यक वाटते.

मूलपेशी म्हणजे काय?

आपल्या रक्तातील पेशी चिरंजीव नसतात. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, बिंबिका आठ-दहा दिवस, आणि काही पांढऱ्या पेशी तर अवघे काही तास ते काही दिवस. तरीही रक्त आटत नाही, कारण हाडांच्या पोकळीतील मऊ गर, म्हणजे अस्थिमज्जा, अहोरात्र नव्या पेशी घडवीत असते. या सर्व पेशींचे मूळ असलेल्या मोजक्या पेशींना रक्तजनक मूलपेशी म्हणतात. बियाण्याच्या पिशवीत सगळेच दाणे खाण्याजोगे असले तरी जालन्याच्या शेतकऱ्याला पुढील हंगामासाठी राखलेल्या बियाण्याचे मोल अधिक असते. मूलपेशींचे स्थान शरीरात काहीसे असेच आहे.

अस्थिमज्जा बिघडली, म्हणजे रक्ताचा कर्करोग झाला, तिने पेशी घडविणेच थांबविले किंवा जन्मतःच सदोष पेशी घडू लागल्या, तर निरोगी माणसाच्या मूलपेशी रुग्णाच्या शिरेतून देता येतात. त्या रक्तावाटे हाडांत जाऊन रुजतात आणि नवे रक्त घडवू लागतात. यालाच अस्थिमज्जा प्रत्यारोपण म्हणतात. भारतातील असे पहिले प्रत्यारोपण १९८३ च्या मार्च महिन्यात मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांच्या पुढाकाराने झाले. अर्थात या उपचाराची परंपरा आपल्या महाराष्ट्रात चार दशकांहून जुनी आहे.

मूलपेशी अस्थिमज्जेत असतात, औषध देऊन त्या दात्याच्या वाहत्या रक्तात आणता येतात, आणि नवजात बाळाच्या नाळेत व वारेत उरलेल्या रक्तातही त्या विपुल असतात. पूर्वी वार आणि नाळ अंगणात किंवा परसात पुरण्याची रीत होती. ‘जेथे नाळ पुरली ते आपले गाव’ असे म्हणत तिला मान दिला जाई, मात्र तिच्यातील रक्त औषधी ठरू शकते हे कोणाच्या स्वप्नीही नव्हते.

पॅरिसचे पहिले प्रत्यारोपण

नाळरक्ताचे पहिले यशस्वी प्रत्यारोपण ऑक्टोबर १९८८ मध्ये पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात डॉ. एलियान ग्लुकमन यांनी केले. रुग्ण होता अमेरिकेतून आणलेला पाच वर्षांचा मुलगा. त्याला फॅन्कोनी अ‍ॅनिमिया हा आनुवंशिक आजार होता व त्याची अस्थिमज्जा निकामी होत चालली होती. त्याच्या नवजात बहिणीला तो आजार नाही आणि तिचा ऊतिगट भावाशी जुळतो, हे तिच्या जन्मापूर्वीच तपासले गेले होते. तिच्या जन्माच्या वेळी नाळरक्त गोळा करून गोठविण्यात आले, विमानाने पॅरिसला नेण्यात आले आणि त्यातून भावाला नवे रक्त मिळाले.

या घटनेनंतर १९९० च्या दशकारंभी न्यूयॉर्कमध्ये पहिली सार्वजनिक नाळरक्त बँक उभी राहिली आणि १९९३ पासून नात्यात नसलेल्या रुग्णांनाही दान केलेले नाळरक्त मिळू लागले. जगभरात आजवर चाळीस हजारांहून अधिक नाळरक्त प्रत्यारोपणे झाली आहेत. नाळरक्त उपयोगी आहे, याविषयी मुळीच शंका नाही.

मात्र पॅरिसच्या कथेतील एक गोष्ट जाहिरातींत सहसा सांगितली जात नाही. त्या मुलाला बरे केले ते त्याच्या स्वतःच्या नाळरक्ताने नव्हे, तर बहिणीच्या. या एका भेदात आजच्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर सामावलेले आहे.

आपलीच ठेव आपल्याला का उपयोगी पडत नाही?

बँकेत ठेवलेला पैसा ज्याचा त्याला उपयोगी पडतो. मूलपेशींचे तसे नाही.

प्रथम आनुवंशिक आजार घेऊ. थॅलेसेमिया किंवा सिकलसेल या आजारांत दोष जनुकात असतो आणि तो जनुक बाळाच्या प्रत्येक पेशीत असतो. नाळरक्तही त्याच पेशींचे. ते बाळाला परत दिले तर तोच आजार परत दिल्यासारखे होईल. रोग लागलेल्या पिकाचेच बियाणे पुन्हा पेरण्यासारखे ते आहे.

दुसरा विषय बालवयातील रक्ताच्या कर्करोगाचा. या आजाराकडे नेणारे काही जनुकीय बदल अनेक मुलांत जन्माच्या वेळीच उपस्थित असतात, हे संशोधनातून दिसून आले आहे. शिवाय दुसऱ्याच्या निरोगी पेशी दिल्या असता त्या उरलेल्या कर्करोगी पेशींवर हल्ला चढवितात, आणि हा लाभ स्वतःच्या पेशींतून मिळत नाही. म्हणून अशा मुलांना सहसा भावंडाच्या किंवा परक्या दात्याच्याच पेशी दिल्या जातात. बहुसंख्य मुले तर प्रत्यारोपणाविना केवळ औषधोपचारानेच बरी होतात, हेही येथे आवर्जून सांगितले पाहिजे.

तिसरी मर्यादा मात्रेची आहे. प्रत्यारोपणासाठी रुग्णाच्या प्रत्येक किलो वजनामागे साधारणतः अडीच कोटी केंद्रकयुक्त पेशी लागतात. वीस किलोच्या मुलास ५० कोटी, तर साठ किलोच्या प्रौढास १५० कोटी. एका नाळेतून मिळणारे रक्त पन्नास ते दीडशे मिलिलिटरच्या दरम्यान असते आणि त्यातील पेशी बहुधा लहान मुलापुरत्याच पुरतात. ‘बाळ मोठे झाल्यावर, म्हातारपणीही उपयोगी’ या आश्वासनाकडे म्हणूनच सावधपणे पाहावे लागते.

या सर्व कारणांमुळे, बाळाला स्वतःच्या नाळरक्ताची गरज आयुष्याच्या पहिल्या वीस वर्षांत पडण्याची शक्यता ०.०४ टक्के ते ०.०००५ टक्के, म्हणजे अडीच हजारांत एक ते दोन लाखांत एक इतकी अल्प असल्याचे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांत नमूद आहे. भविष्यात स्वतःच्या उपयोगासाठी नाळरक्त जतन करण्यास शास्त्रीय आधार नाही, अशी या परिषदेची भूमिका आहे. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या सहमतीपत्रातही नाळरक्ताला ‘जैविक विमा’ म्हणणे योग्य मानलेले नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ व प्रसूतितज्ज्ञ संघटनांचा सल्लाही याच दिशेचा आहे.

मग जाहिरातींत स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मधुमेह अशा आजारांची यादी दिसते ती कशाच्या आधारे? यांपैकी काही आजारांवर परदेशांत प्रयोग झाले व होत आहेत. परंतु प्रयोग चालू असणे आणि उपचार सिद्ध होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. स्वमग्नतेसाठी मूलपेशी उपचार करू नयेत, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिविषयक मंडळाने २०२२ साली स्पष्ट केले आहे. दिव्यांग बालकाच्या आईवडिलांची आशा ही फार नाजूक वस्तू आहे. तिचा बाजार होऊ नये, अशी आमची कळकळीची भावना आहे.

कोणत्या कुटुंबांनी मात्र अवश्य विचार करावा?

वरील विवेचनावरून नाळरक्त जतन करणे सर्वथा निरर्थक आहे, असा निष्कर्ष कोणी काढू नये. एक प्रसंग असा आहे की ज्यात आम्ही स्वतः होऊन कुटुंबास तसे सुचवू. घरात आधीच प्रत्यारोपणाने बरा होऊ शकणारा आजार असलेले मूल आहे आणि त्याच आईची पुन्हा प्रसूती होणार आहे, तो हा प्रसंग. बालरोगतज्ज्ञ संघटनेचे सहमतीपत्रही अशा कुटुंबांना जतनाची शिफारस करते.

समजा, अंबड तालुक्यातील एका शेतकरी कुटुंबात चार वर्षांची थॅलेसेमियाग्रस्त मुलगी आहे. तिला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते आणि शरीरात साठणारे लोह काढण्यासाठी रोज औषध घ्यावे लागते. आई पुन्हा गरोदर आहे. दोघा सख्ख्या भावंडांचा ऊतिगट पूर्णपणे जुळण्याची शक्यता चारांत एक असते. आईवडील दोघेही थॅलेसेमियाचे वाहक असल्याने होणारे बाळ आजारमुक्त असण्याची शक्यता चारांत तीन. या दोन गोष्टींचे जनुक निरनिराळ्या गुणसूत्रांवर असल्याने दोन्ही एकत्र जुळून येण्याची शक्यता सोळांत तीन, म्हणजे सुमारे १९ टक्के. हा आकडा लहान वाटेल, पण अडीच हजारांत एक या शक्यतेशी त्याची तुलना करावी. येथे नाळरक्त फेकून देणे ही खरोखरच हातची संधी घालविणे ठरेल.

याच आकड्याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. सोळांपैकी तेरा वेळा उत्तर नकारार्थी येणार आहे. म्हणून केवळ पहिल्या मुलाला वाचविण्यासाठी दुसरे मूल जन्माला घालण्याचा निर्णय घाईने घेऊ नये. नवे बाळ स्वतःच्या हक्काने या जगात येते, कोणाचे औषध म्हणून नव्हे. शिवाय नाळरक्त कमी पडल्यास किंवा जतन करणे न जमल्यास सर्व संपले असेही नाही. जुळणारे भावंड थोडे मोठे झाल्यावर त्याच्या अस्थिमज्जेतूनही पेशी घेता येतात. थॅलेसेमियाच्या मुलांसाठी बृहन्मुंबई महानगरपालिकेचे बोरिवली येथील केंद्र कार्यरत आहे, तसेच कोल इंडियाच्या साह्याने २०१७ साली सुरू झालेल्या थॅलेसेमिया बाल सेवा योजनेतून पात्र रुग्णांना निवडक रुग्णालयांत प्रत्यारोपणासाठी दहा लाख रुपयांपर्यंत साह्य मिळण्याची तरतूद आहे.

रक्त कसे गोळा करतात?

बाळ जन्मून नाळेला चिमटे लावून ती कापल्यानंतर, नाळेच्या वारेकडील टोकाच्या शिरेत सुई घालून रक्त गोठू न देणारे द्रावण असलेल्या पिशवीत घेतले जाते. बाळाला व मातेला याने वेदना होत नाहीत. मातेच्या रक्ताची एचआयव्ही, कावीळ ब व क, गरमी इत्यादींसाठी तपासणी केली जाते. प्रयोगशाळेत पेशी वेगळ्या करून, त्यांना गोठण्यापासून जपणारे रसायन मिसळून, द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंश सेल्सिअसला ठेवतात. अशा स्थितीत त्या वीस वर्षांहून अधिक काळ जिवंत राहिल्याचे प्रयोगशाळेत सिद्ध झालेले आहे.

आपल्या जिल्ह्यात मात्र एक व्यावहारिक अडचण आहे. पिशवी प्रयोगशाळेत सामान्यतः ४८ ते ७२ तासांच्या आत पोहोचावी लागते. येथून ती प्रथम छत्रपती संभाजीनगरला आणि तेथून विमानाने परराज्यात जाते. वैशाखात मराठवाड्याचा पारा चाळिशीच्या पुढे असतो. वाटेत उष्णता लागली किंवा विलंब झाला तर पेशी मरतात. पिशवी पोहोचली एवढ्यावर समाधान न मानता, तीत किती पेशी जिवंत पोहोचल्या याचा लेखी अहवाल मागणे म्हणूनच आवश्यक आहे.

नाळ कापण्याची घाई नको

या विषयाचा सर्वांत मोलाचा, पण सर्वांत दुर्लक्षित भाग आता सांगावयाचा आहे.

बाळ जन्मल्यावर नाळेतील ठोके लगेच थांबत नाहीत. वारेतील रक्त काही काळ बाळाकडे वाहत राहते. पहिल्या मिनिटात सुमारे ८० मिलिलिटर आणि तीन मिनिटांत सुमारे १०० मिलिलिटर. तीन किलोच्या बाळाच्या अंगातील एकूण रक्त पाव लिटरच्या आसपास असते, हे लक्षात घेतल्यास शंभर मिलिलिटरचे महत्त्व ध्यानी येईल. या रक्तातून मिळणारे लोह पुढील कित्येक महिने बाळाला पुरते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना नाळेला चिमटा एक मिनिटापूर्वी लावू नये असे सांगते, आणि केंद्र शासनाच्या २०१८ च्या ‘अ‍ॅनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात किमान तीन मिनिटे अथवा नाळेचे ठोके थांबेपर्यंत वाट पाहण्याचा समावेश आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांपैकी ६८.९ टक्के आणि १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के रक्तक्षयग्रस्त आढळल्या. ऊसतोडीसाठी घरदार सोडून जाणाऱ्या कुटुंबांतील माता-बालकांची स्थिती काय असेल, हे वेगळे सांगावयास नको. आपल्या बाळांना रक्तक्षयाचा धोका दहांत जवळजवळ सातांना आहे, आणि स्वतःचे नाळरक्त लागण्याचा संभव हजारोंत एकास.

पिशवी भरावी म्हणून नाळ लवकर कापणे याचा अर्थ, आज निश्चित उपयोगी पडणारे रक्त काढून घेऊन कदाचित कधीच न लागणाऱ्या ठेवीत टाकणे असा होतो. वाट पाहूनही काही रक्त वारेत उरते व ते गोळा करता येते, मात्र ते कमी असते. संकलनासाठी नाळ कापण्याची योग्य वेळ बदलू नये, हा तज्ज्ञ संघटनांचा दंडक आहे. बाळाची खरी पहिली ठेव त्याच्याच अंगात जमा होते, आणि तिला एक पैसाही पडत नाही.

खासगी, सार्वजनिक आणि सामुदायिक बँका

खासगी बँकेत नाळरक्त त्या कुटुंबापुरते राखीव असते आणि त्यासाठी योजनेनुसार काही दहा हजारांपासून लाखाच्या घरात रक्कम आकारली जाते. सार्वजनिक बँकेत ते विनामूल्य दान केले जाते आणि ज्या रुग्णाशी जुळेल त्यास मिळते. रक्तपेढीचे तत्त्व ते हेच. जगातील सार्वजनिक बँकांत सुमारे आठ लाख पिशव्या आहेत व परक्या रुग्णांना नाळरक्त मिळते ते प्रामुख्याने त्यांच्याकडून. भारतात मात्र खर्चाचा भार उचलणारे कोणी नसल्याने सार्वजनिक साठा अत्यल्प राहिला. सामुदायिक बँक हा आपल्या देशात २०१७ पासून पुढे आलेला मधला प्रकार असून, त्यात पैसे भरणारी कुटुंबे आपापल्या पिशव्या एका सामायिक साठ्यात ठेवतात आणि गरज पडल्यास त्या साठ्यातून शोध घेता येतो. अशा साठ्यात पुरेशा पेशी असलेल्या पिशव्या किती, यावरच त्याची उपयुक्तता अवलंबून राहील.

कायद्याचे म्हणाल तर, डिसेंबर २०११ मध्ये केंद्र शासनाने औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांत दुरुस्ती करून नाळरक्त बँकांना परवाना सक्तीचा केला. २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार केवळ नाळरक्ताच्याच जतनास अनुमती आहे. नाळेची ऊती, वार, दातांचा गर इत्यादींच्या व्यापारी जतनास ती दिलेली नाही. तेव्हा ‘रक्ताबरोबर नाळेचा तुकडाही ठेवा’ असे कोणी सुचविल्यास सावध राहावे.

पाऊणशे वर्षांचा करार करणारी संस्था तितकी वर्षे टिकेल काय, हाही विचार हवा. युरोपातील एक मोठी खासगी बँक २०१९ साली दिवाळखोरीत गेली आणि तिच्याकडील नमुने पोलंडमधील दुसऱ्या संस्थेकडे हलवावे लागले. २०२३ साली सिंगापूरमधील एका खासगी बँकेच्या टाक्यांतील तापमान मर्यादेबाहेर गेल्याचे तेथील आरोग्य खात्याच्या चौकशीत आढळले व एकाच टाकीतील सुमारे २,२०० नमुने निकामी ठरले. पैसे भरणाऱ्या पालकांना तोवर याची वार्ताही नव्हती.

करारावर सही करण्यापूर्वी

सर्व ऐकूनही ज्यांना जतन करावयाचे असेल त्यांनी पुढील प्रश्नांची उत्तरे लेखी घ्यावीत.

१. बँकेचा परवाना चालू आहे काय? त्याची प्रत पाहावयास मिळेल काय?

२. संकलनानंतर एकूण व जिवंत पेशींची संख्या आम्हांस कळविली जाईल काय? ती अपुरी भरल्यास पैसे परत मिळतील काय?

३. आजवर किती पिशव्या प्रत्यक्ष प्रत्यारोपणासाठी दिल्या गेल्या? त्यांपैकी स्वतःच्या मुलासाठी किती व भावंडासाठी किती?

४. संस्था बंद पडल्यास किंवा विकली गेल्यास पिशवीचे काय होईल?

५. हप्ता थकल्यास पिशवी कोणाच्या मालकीची?

६. प्रत्यारोपणाचा स्वतःचा खर्च कोण सोसणार? जतनाची रक्कम आणि उपचाराचा खर्च या दोन निराळ्या बाबी आहेत.

निर्णय प्रसूतिकक्षाच्या दारात, कळा सुरू झाल्यावर घेऊ नये. सातव्या महिन्याच्या सुमारास पती-पत्नींनी व वडीलधाऱ्यांनी एकत्र बसून, डॉक्टरांना विचारून तो घ्यावा. त्यासाठी दागिना मोडण्याची किंवा कर्ज काढण्याची वेळ येत असेल, तर आमचे उत्तर स्पष्ट आहे : ते करू नये. तोच पैसा मातेचा आहार, बाळाचे लसीकरण आणि आजारपणासाठीची शिल्लक यांकडे वळवावा. जतन न करणारे आईवडील आपल्या बाळाच्या प्रेमात किंवा कर्तव्यात तसूभरही उणे पडत नाहीत, हे आम्ही पूर्ण जबाबदारीने सांगतो.

रुग्णालयाचे धोरण आणि आमची विनंती

आमच्या एका हितचिंतकांनी गरजू कुटुंबांच्या नाळरक्त जतनाचा खर्च आपण उचलू, असा प्रस्ताव सद्भावनेने मांडला होता. विश्वस्त मंडळाने त्यावर साकल्याने विचार केला. त्या विचारातून ठरलेले धोरण येथे नमूद करीत आहोत.

रुग्णालय कोणत्याही नाळरक्त बँकेकडून मोबदला, भेट वा दलाली स्वीकारणार नाही, तसेच अशा बँकांच्या प्रतिनिधींना प्रसूती कक्षात प्रवेश असणार नाही. एखाद्या कुटुंबाने स्वेच्छेने जतनाचा निर्णय घेतल्यास संकलनास संपूर्ण सहकार्य केले जाईल, परंतु माता व बाळ यांची सुरक्षितता आणि नाळ उशिरा कापण्याचा नियम यांत तडजोड होणार नाही. घरात प्रत्यारोपणयोग्य आजार असलेले भावंड असेल, तर डॉक्टर स्वतः होऊन हा विषय काढतील आणि प्रत्यारोपण केंद्राशी संपर्क साधून देतील.

देणगीदारांना आमची विनंती आहे की, त्यांच्या साह्याचा ओघ अधिक फलदायी कामांकडे वळावा. गर्भारपणाच्या पहिल्या तिमाहीत मातेच्या रक्ताची थॅलेसेमिया व सिकलसेलसाठी एक तपासणी केली, आणि ती वाहक आढळल्यास पतीचीही केली, तर आजारी बालक जन्मण्याचा धोका वेळीच कळतो. एका बाळाच्या खासगी जतनाला लागणाऱ्या पैशात कितीतरी मातांची ही तपासणी होऊ शकते. त्यासाठी स्वतंत्र निधी उभारण्याचा आमचा मानस असून, उपरोक्त हितचिंतकांनी आपली देणगी या निधीकडे वळविण्यास आनंदाने संमती दिली आहे, हे सांगताना आम्हांस समाधान वाटते.

पैसे देणे ज्यांना शक्य नाही, त्यांच्यासाठीही एक वाट खुली आहे. ‘दात्री’ यांसारख्या नोंदणी संस्थांकडे १८ ते ५० वयाच्या निरोगी व्यक्तीला मूलपेशीदाता म्हणून नाव नोंदविता येते. गालाच्या आतून बोळ्याने घेतलेला नमुना तेवढा द्यावा लागतो. पुढे कोणा रुग्णाशी ऊतिगट जुळला तरच बोलावणे येते. ऊतिगट आपल्याच समाजातील, आपल्याच प्रदेशातील लोकांशी जुळण्याचा संभव अधिक असतो. जालन्यातील तरुणांची नावे त्या यादीत जितकी वाढतील, तितकी मराठवाड्यातील एखाद्या मुलाची आशा बळावेल. नियमित रक्तदान तर आहेच. थॅलेसेमियाच्या प्रत्येक मुलाला आजही त्याच्याच आधाराने दिवस काढावे लागतात.

या विषयी कोणाही कुटुंबास शंका असल्यास त्यांनी प्रसूतिपूर्व तपासणीच्या वेळी निःसंकोचपणे विचारावे. समुपदेशनासाठी कोणतेही शुल्क आकारले जात नाही.